आषाढीला पुन्हा रजा नाही

प्रश्न : ताई, मी सरकारी दवाखान्यात लेबर रूमला सिस्टर आहे, वय ४४. सासर वारकऱ्यांचं. सलग तिसऱ्या वर्षी आषाढीला रजा मिळाली नाही. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी दहावीला. रात्रपाळी करून आले की घर म्हणजे दुसरी ड्यूटी वाटते, लेकीवर उगाच ओरडते. देवाचं माझ्या हातून काहीच होत नाही.

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला अरणचे सावता महाराज आठवले. माढा तालुक्यातलं अरण, पंढरपूर तिथून फार लांब नाही. तरी मळा सोडून ते वारीला गेले नाहीत, असं परंपरा सांगते. खुरपणं, पाणी धरणं, भाजीचे वाफे, त्यातच त्यांना विठ्ठल भेटला. १२९५ साली त्यांनी तिथेच देह ठेवला. आजही आषाढीला संतांच्या पालख्या पंढरीला येतात, सावतोबांची येत नाही. एकादशी सरल्यावर पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते. वारकऱ्यांच्या घरात हे तुम्ही ऐकलेलं असणारच. मग तुमची लेबर रूम त्या मळ्याहून वेगळी का मानता? एकादशीच्या रात्री तुमच्या हातावर एखादं बाळ पहिल्यांदा रडलं असेल. ते काम विठ्ठलानेच तुमच्या ओंजळीत घातलं, असं मी अगदी मनापासून मानते.

‘दुसरी ड्यूटी’ हा शब्द मात्र मला लागला. प्रसाद आपण सांडू देत नाही, आणि लेक हासुद्धा प्रसादच. पण दमलेल्या हातातून प्रसादही सांडतो, तो तुमचा दोष नाही. म्हणून आधी झोप. पुढच्या पाळीच्या सिस्टरला ओव्हर देऊन घरी आलात की पाच तास कुणी उठवायचं नाही, हे घरात स्पष्ट सांगा. पत्रात यजमानांचा उल्लेखच नाही. ते घरी असतील तर सासूबाईंचं सकाळचं आवरणं त्यांच्याकडे द्या. आई त्यांचीच आहे. उठल्यावर लेकीसोबत चहा घ्या, आणि त्या वेळी अभ्यासाचा विषय काढू नका. ओरडलात त्याबद्दल तिला एकदा ‘चुकलं गं माझं’ म्हणा.

पुढच्या वर्षी रजेचा अर्ज एकादशीसाठी नको, आषाढ वद्य चतुर्दशीसाठी करा. सावता महाराजांची पुण्यतिथी असते. एखाद्या सिस्टरशी पाळी बदलून तो एक दिवस मिळेल. लेकीला घेऊन अरणला जा. तोवर तिची दहावीही उरकलेली असेल.