कॅम्पिंग ट्रेलरचे टायर सारखे फुटतात, कोणत्या कंपनीचे घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासात एका उन्हाळ्यात ट्रेलरचे दोन टायर फुटले, दोन्हींची नक्षी नव्यासारखी होती, डीलर म्हणाला चायनाचे आहेत, बदलून टाका, आणि ओळखीच्या एका अनुभवी माणसाने सांगितलं की उन्हात हवा थोडी कमी ठेवत जा. प्रश्न तुम्ही कंपनीचा विचारलाय, पण मी लिहायला बसले ती या शेवटच्या सल्ल्यामुळे.

उन्हात हवा कमी करू नका. पाच पॉइंट नाही, दोन पॉइंटही नाही. तो अनुभवी माणूस कितीही मोठा असो, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

आमच्या घरी हा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून सविस्तर सांगते. आम्ही ॲरिझोनात, चँडलरला राहतो. जून उजाडला की फिनिक्सच्या आसपासची निम्मी माणसं गाड्या घेऊन सॅन डिएगोच्या समुद्राकडे पळतात, त्यातलेच आम्ही. ट्रेलर दोन ॲक्सलचा आहे आणि तो ओढते मी, कारण नवऱ्याला मागे एवढं धूड घेऊन चालवायला आवडत नाही. त्या वर्षी सांगलीहून माझे मोठे दीर आणि जाऊबाई आले होते. दादांचे स्वतःचे ट्रक आहेत. ऊस, साखर, कधी सिमेंट, सगळं वाहून झालंय. टायरवर नुसता हात फिरवून ते त्याची अवस्था सांगतात आणि ती बहुतेक वेळा बरोबर निघते. हे मी मनापासून मान्य करते.

पहाटे निघताना मी चारही टायरची हवा मोजली, प्रत्येकात 50. आमचे टायर तेव्हा एसटी (म्हणजे खास ट्रेलरचे) 205/75 आर 15, लोड रेंज म्हणजे भार पेलण्याचा वर्ग सी. त्यांची कमाल हवा 50 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), आणि तेवढी भरली तरच एक टायर 1820 पौंड पेलतो. वाटेत गिला बेंड गावाला डिझेल भरायला थांबलो तोवर पारा 105 फॅरनहाइटच्या वर गेला होता. मी मुलांना घेऊन आत गेले. दादांनी तेवढ्यात माझंच गेज घेऊन हवा मोजली, ती निघाली 58. टायरच्या कडेवर लिहिलंय कमाल 50. त्यांनी चारही टायरमधून हवा सोडून बरोबर 50 केली आणि गेज होतं तिथे ठेवून दिलं. काळजीपोटीच केलं, पण मला सांगितलं नाही.

आय-8 महामार्गावर त्या पट्ट्यात वेगमर्यादा ताशी 75 मैल आहे. मी 62 ने चालले होते, ट्रेलर मागे असताना मी त्याच्या वर जातच नाही. सेंटिनेलच्या एक्झिटनंतर काही मैलांवर मागून धप्प असा आवाज आला, मग पत्र्यावर काहीतरी फटाफटा आपटायला लागलं. उजवा मागचा टायर गेला होता.

अशा वेळी ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. ट्रेलर शेपूट हलवायला लागला तर पिकअपमधल्या ब्रेक कंट्रोलरची हाताने सरकवायची कळ हलकेच दाबायची, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो सरळ होतो. मी तेच केलं आणि गाडी जितकी उजवीकडे घेता येईल तितकी घेतली. नशिबाने फुटलेली बाजू रहदारीच्या उलट होती. डावा टायर असता तर मी महामार्गाच्या कडेला चाक बदललंच नसतं, रांगत रांगत पुढच्या एक्झिटला गेले असते.

नक्षीचा अख्खा पट्टा सोलून निघाला होता आणि त्याने फिरता फिरता चाकावरचं मडगार्ड फाडून वर वळवलं होतं, सांडपाण्याच्या टाकीचा पाइप अर्धा तोडला होता. रबराचे लोंबणारे तुकडे हाताला चटका देत होते, त्यांतून तारांची टोकं केसांसारखी बाहेर आली होती. दादा खाली उतरले, बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर "बघ, म्हणून मी हवा काढली होती, तरी फुटलाच." मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मोठ्या दिरांना रस्त्यात काय बोलणार? कामाला लागले. ट्रेलर पिकअपला जोडलेलाच ठेवला, डाव्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले. चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले. दादा जॅक ॲक्सलखाली लावायला निघाले होते, त्यांना थांबवलं. या ट्रेलरचा ॲक्सल म्हणजे पोकळ नळी, तिथे जॅक लावला की ती वाकते आणि मग टायर एका बाजूने झिजत राहतो. जॅक चेसीखाली, स्प्रिंगच्या आधाराजवळ, आणि जॅकखाली जाड फळी, कारण कडेची माती भुसभुशीत. स्टेपनी चढवली, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, टॉर्क पान्याने 100 फूट-पौंड. जाऊबाई माझ्या डोक्यावर छत्री धरून उभ्या होत्या. बाजूच्या रुळांवरून एक मालगाडी गेली, तिचे डबे संपेपर्यंत आम्हाला एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. मग बॅटरीवर चालणाऱ्या पंपाने उरलेल्या तिन्ही टायरमध्ये हवा परत भरली आणि पन्नासच्या आत वेग ठेवून युमाला पोहोचलो.

आता त्या 50 आणि 58 चं गणित. टायरवर लिहिलेली कमाल हवा ही थंड टायरची असते. थंड म्हणजे गाडी काही तास उभी आहे आणि चाकावर ऊन नाही. चालल्यावर आकडा वाढणारच, आणि टायर बनवणाऱ्याने ते धरलेलं असतं. पहाटेची 50 दुपारी 58 दिसली म्हणजे सगळं ठीक चाललं होतं. गरम टायरमधून ती 50 वर आणली याचा अर्थ टायर थंड असताना ती 43 च्या आसपास असती. 43 वर तोच टायर सतराशे पौंडही पेलत नाही. आमच्या ट्रेलरचं ॲक्सलवरचं वजन 6740 पौंड. चार चाकांत सारखं वाटलं तरी प्रत्येकी 1685, आणि सारखं ते कधीच वाटलं जात नाही. आमचं स्वयंपाकघर, फ्रीज आणि पाण्याची टाकी, तिन्ही उजव्या बाजूला. म्हणजे उजवे टायर गिला बेंडपासून जास्तीचा भार घेऊन पळत होते.

टायर मरतो तो उष्णतेने, आणि उष्णता उन्हापेक्षा जास्त त्याच्या स्वतःच्या वाकण्यातून येते. तार पुढे-मागे वाकवत राहिलं की वाकते तिथे ती गरम होते आणि तुटते, तसंच. हवा कमी केली की कड जास्त वाकते. थोडक्यात, ज्या गरमीच्या भीतीने हवा सोडायची, ती गरमी हवा सोडल्याने वाढते.

दादांचं म्हणणं आजही असं की टायरच खराब होता, फुटल्यावर तो रिमवर घासत गेला म्हणून आतून भुगा निघाला, त्यावरून हवा कमी होती हे सिद्ध होत नाही. फुटलेल्या टायरबद्दल त्यांचं बरोबर आहे, तो पुरावा धरू नये. पण युमाच्या दुकानात मी त्याच्या पुढचा, न फुटलेला टायरही उतरवायला लावला. आतून, कडेच्या वळणावर, बोटभर रुंद सुरकुतलेलं कडं सगळीकडून उमटलं होतं आणि त्यावरून बोट फिरवलं की काळी पूड लागत होती. त्या टायरमधली हवा एकदाही पूर्ण गेली नव्हती. तरीही सांगलीत अजून "ती सत्तर-ऐंशीने हाणत होती" असंच सांगितलं जातं, आणि गणपतीत व्हिडिओ कॉल लागला की हा विषय निघतोच. त्यांना हेही सांगून झालं की ऊस भरलेला ट्रक कारखान्याच्या रस्त्याला तीसच्या वेगाने जातो, तिथे टायरला तापायला वेळच मिळत नाही. तासन् तास एकाच वेगाने पळायचं म्हटलं की हिशोब वेगळा होतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा सगळ्यांनी काँक्रीटला दोष दिला. किती जणांनी त्या रस्त्याला लागण्याआधी हवा तपासली होती?

या देशाने तर याची मोठी किंमत मोजलीय. ऑगस्ट 2000 मध्ये फायरस्टोनने सुमारे 65 लाख टायर परत मागवले, त्यांतले बहुतेक फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरचे. टायरमध्ये दोष होताच, पण फोर्डने सुचवलेली हवा अवघी 26 होती, आणि नक्षी सुटून गाड्या उलटल्या त्या मुख्यतः ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा अशा तापणाऱ्या राज्यांत. त्याच वर्षी कायदा झाला, त्यातून 2008 च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या कारमध्ये हवा कमी झाल्याचा इशारा देणारे सेन्सर आले. ट्रेलरला मात्र ती सक्ती नाही. म्हणून ते आपले आपण लावायचे. व्हॉल्व्हवर आट्यांनी बसतात, कोणत्या चाकात किती हवा आणि किती तापमान ते समोर दिसतं. ट्रेलर लांब असेल तर मध्ये सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र लागतं. माझ्याकडे आता आहेत, आणि माझ्या टायरला हात लागला तर मला डॅशबोर्डवर कळतं.

तुमच्या बाबतीत मी आधी वजन करायला सांगेन. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल म्हणजे गाड्यांचे वजनकाटे असतात, प्रवासाला निघता तसा भरलेला ट्रेलर पिकअपसकट घेऊन जा. ॲक्सलवरचं वजन भागिले चार, आणि ते टायरच्या क्षमतेच्या जवळ गेलेलं दिसलं तर कंपनी कोणतीही घ्या, पुन्हा फुटेल. ट्रेलर बनवणारे पुरतील तेवढेच टायर लावतात, वरकड काही ठेवत नाहीत. त्याच मापात लोड रेंज डी घ्या. माझे आता तेच आहेत, 65 पीएसआयला 2150 पौंड पेलतात. मात्र रिमला तेवढी हवा चालते का ते रिमवर कोरलेलं बघा, आणि रबरी व्हॉल्व्हऐवजी धातूचे घ्या.

नक्षी बघून टायर चांगला समजू नका. ट्रेलरचा टायर झिजून जात नाही, अंगणात उन्हात उभा राहून वाळून जातो. कडेवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नंबरातले शेवटचे चार आकडे बघा. 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच वर्षं झाली की मी टायर काढते, नक्षी कशीही असो. वेगाचंही बघा, कडेवर वेगाचं अक्षर नसेल तर एसटी टायर ताशी 65 मैलांच्या वेगासाठीच धरायचा. आणि एक टायर फुटला की त्याच बाजूचा दुसराही बदला. मधल्या काळात सगळा भार त्याने घेतलेला असतो.

हे सगळं दोन ॲक्सलच्या ट्रेलरचं आहे. एकाच ॲक्सलचा असेल तर फुटलेल्या टायरवर रांगत जाण्याचा विचारही करू नका. मोटरहोमला, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या घर-गाडीला, हा हिशोब लावू नका, तिथे वजनानुसार कंपनीच्या तक्त्यातून हवा ठरवतात. चाक बदलल्यावर 50 मैलांनी नट पुन्हा आवळायचे, हे राहिलंच होतं. आणि कारच्या रोडसाइड मदतीत ट्रेलर धरलाय का ते आजच वाचून ठेवा, बऱ्याच योजनांत धरलेला नसतो.

कंपनीचं म्हणाल तर मी सध्या गुडइयर एंड्युरन्स वापरते. 2017 मध्ये आला, अमेरिकेत बनतो, मला त्याच्याबद्दल तक्रार नाही. चायनाचे सगळेच वाईट असं मी म्हणणार नाही, आमच्या शेजाऱ्यांचे चांगले चाललेत, ते दर वेळी निघताना हवा बघतात. काहीही घेतलंत तरी दुकानदार टायर रिमवर चढवण्याआधी ते चार आकडे स्वतः वाचा. दोन-दोन वर्षं गोदामात पडलेला माल नवा म्हणून खपवतात, आणि एकदा चढवला की परत घेत नाहीत.