फ्लॅट विकून वस्तीवर राहायला जावं का?

सोलापूरच्या एका वाचकांनी सविस्तर पत्र पाठवलं आहे. वय ५५, टॉवेल-चादरीच्या एका खासगी कारखान्यात हिशेब विभागात नोकरी, पगार हातात ३८ हजार. पत्नी घरी ब्लाउज शिवतात, त्यातून महिन्याला सहा-सात हजार येतात. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. जुळे सोलापुरात २००९ साली १४ लाखांना घेतलेला फ्लॅट आज ४२ लाखांना जाईल. नोकरी सोडली तर पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे २६ लाख, बँकेत ठेव ९ लाख, म्युच्युअल फंडात ५ लाख. कर्ज नाही.

बेत असा: नोकरी आत्ताच सोडायची, फ्लॅट विकायचा आणि मंद्रूपच्या बाजूला दोन एकर जिरायत घेऊन साडेचारशे चौरस फुटांचं छोटं घर बांधायचं. वीज सोलरची, पाणी बोअरचं आणि पावसाचं, भाजी रानातली, दूध दोन गाईंचं. अर्ध्या एकरात डाळिंब. त्यांच्या अंदाजानं खर्च असा: जमीन २४ लाख, घर ९, सोलर ४.५, बोअर आणि मोटर २.५, तारेचं कुंपण २.५, गाई आणि गोठा ३. एकूण ४५.५ लाख. "एकदा तिथं गेलो की महिन्याला आठ हजारांत भागेल," असं ते लिहितात. आणि शेवटी एक ओळ: "सौ.ला अजून पूर्ण पटलेलं नाही."

नमस्कार.

तुमचा बेत मला मनापासून आवडला, हे आधी सांगतो. मंगळवेढा-सांगोल्याकडे कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या वस्तीवर राहत आली आहेत, त्यामुळे हे काही वेडेपण नाही. पण ज्या पद्धतीनं तुम्ही पैसे लावायला निघाला आहात, ती मला मान्य नाही. फ्लॅट विकू नका आणि नोकरी आत्ता सोडू नका. कारण सांगतो.

सगळा बेत त्या आठ हजारांवर उभा आहे. तुम्ही आजच्या घरखर्चाची यादी जोडलीत, म्हणून मला तपासता आलं. आज महिन्याला ३२ हजार लागतात. वस्तीवर गेल्यावर त्यातलं काय वाचेल? विजेचं बिल १,८००, सोसायटीचा मेंटेनन्स १,५००. भाजी-दुधाच्या ६,५०० पैकी साडेचार हजार, तेही गाय दुभती आणि भाजीला पाणी असेल तेव्हा. ज्वारी, तूर, हरभरा घरचा झाला तर किराण्यातले दीड हजार. गॅसचे तीन-चारशे. झाले साधारण ९,७००. औषधं, विम्याचा हप्ता, मोबाइल, लग्नकार्यातले आहेर, कपडे, सणवार यातलं काहीच कमी होत नाही.

आता नवीन खर्च बघा. बॅटरी सहा-सात वर्षांत बदलावी लागेल असं धरलं तर दरमहा अडीच हजार त्यासाठी बाजूला काढावे लागतील. सोलापूरला ये-जा वाढली की पेट्रोल दीड हजारानं वाढतं. पेरणी, खुरपणी, काढणीला मजूर लागतो. वर्षाचा खर्च बारा महिन्यांत वाटला तर तीन हजार. मोटर जळणं, पाइप फुटणं, कुंपणाचा खांब पडणं यासाठी हजार. हे आठ हजार झाले, आणि यात गाईंचा चारा-पेंड धरलेली नाही. म्हणजे निव्वळ वाचतात सतराशे. तुमचा महिना ३० हजारांचाच राहतो.

याच आकड्यावर मी पुढचा हिशेब मांडला. तुमच्याकडे एकूण ८२ लाख. त्यातले ४५.५ लाख बेतात गेले. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि फ्लॅटवरचा भांडवली नफ्याचा कर धरून हातात साडेतेहतीस लाखांच्या आसपास राहतात. कराबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरांना दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांक न लावता (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे न वाढवता) नफ्यावर १२.५ टक्के, किंवा निर्देशांक लावून २० टक्के. तुम्हाला दुसरा स्वस्त पडतो, कर साडेतीन लाखांऐवजी सव्वा-दीड लाखांत बसतो. पण शेतीची दोन एकर घराची किंमत म्हणून करमाफीत दाखवता येत नाही. पत्रात तुम्ही ती पूर्ण सूट धरली आहे.

साडेतेहतीस लाखांवर ७ टक्क्यांनी महिन्याला साडेएकोणीस हजार येतात. खर्च तीस. महागाई ६ टक्के धरली आणि थोडीफार ईपीएस, म्हणजे पीएफबरोबरची कर्मचारी पेन्शन मिळवली, तरी मुद्दल दहा-अकरा वर्षांत संपतं. तुम्ही ६६ चे, वहिनी साठीच्या आसपास. त्या वेळी विकायला फ्लॅट नसेल. असेल ती शेतजमीन, आणि महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते. गिऱ्हाईक मोजकंच, त्यात घरावर घातलेले नऊ लाख कोणी भरून देत नाही. रात्री दवाखान्याची वेळ आली तर आठवड्यात पैसा उभा करून देणारी ही मालमत्ता नाही.

डाळिंबातून खर्च निघेल असं तुम्ही लिहिलंत. सोलापूर जिल्ह्यातलं डाळिंब नावाजलेलं आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सल्ला उत्तम मिळेल. पण तेल्या आणि मर रोगानं भरलेल्या बागा उपटून टाकाव्या लागलेले शेतकरी याच जिल्ह्यात आहेत. फवारणी, छाटणी, ठिबक, मजूर सगळं नेमानं लागतं. साठीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा शेती करणाऱ्यानं ते पेन्शन म्हणून धरू नये. आलं तर वरकड.

आता पत्रातल्या त्या ओळीकडे येतो, जी तुम्ही सहज लिहून पुढे गेलात: "वडिलांची मंगळवेढ्याजवळ साडेचार एकर कोरडवाहू आहे, तिघा भावांच्या नावावर, वाटणी झालेली नाही." अहो, मग २४ लाखांची जमीन घेताय कशाला? दीड एकर तुमच्या वाट्याला येतं. महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे तिघांच्या सहमतीनं तहसीलदारांकडे वाटप करून घेता येतं आणि त्याचा खर्च खरेदीच्या मानानं नाममात्र असतो. जिरायतीला प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे कायद्यानं ठरवलेला सर्वांत लहान तुकडा, २० गुंठे आहे, त्यामुळे ६० गुंठ्यांचा तुकडा तुकडेबंदीत अडकत नाही. शेतात राहतं घर बांधायलाही किमान एक एकर, म्हणजे ४० आर धारण लागते, तीही अट बसते. बांधायच्या आधी ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयात परवानगीचं विचारून घ्या, आणि वाटपाचा फेरफार (महसुली नोंदीतला बदल) होऊन स्वतंत्र सातबारा हातात येईपर्यंत तिथं एक वीटही लावू नका. भावाभावांत आज गोडी आहे, पण पुढच्या पिढीचं सांगता येत नाही.

मंगळवेढ्याची काळी जमीन पावसाची ओल धरून रब्बीची मालदांडी ज्वारी पिकवते. धान्य तिथं होईल. पिण्या-वापरायच्या पाण्याचं मात्र वेगळं बघावं लागेल, आणि मला सगळ्यात जास्त इथंच थांबायचं आहे.

सोलापूर जिल्ह्याचा पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा भाग ऑगस्ट-सप्टेंबरात. छपराचं पाणी साठवायचं तर गणित सोपं आहे. हजार चौरस फूट छप्पर म्हणजे ९३ चौरस मीटर. त्यावर पडणाऱ्या पाण्यातलं ८० टक्के हाती लागलं तर ४१ हजार लिटर. जलजीवन मिशनच्या मापानं माणशी रोज ५५ लिटर धरले तर दोघांना वर्षाला ४० हजार लिटर लागतात. म्हणजे बरोबर भागतं, पण हजार फुटांच्या छपरावर. तुमचं घर साडेचारशे फुटांचं आहे. म्हणून घर लहानच ठेवा आणि त्याला लागून पत्र्याची मोठी पडवी काढा. खाली सरपण, कडबा, अवजारं राहतील आणि वरून पाणी मिळेल. टाकी २५ हजार लिटरची, बंदिस्त, जमिनीत अर्धी पुरलेली.

हे सगळं सरासरी पावसाचं. कमी पावसाच्या वर्षी ही टाकी मार्चमध्ये तळाला जाते आणि टँकर बोलवावा लागतो. आणि गाईंचा हिशेब यात अजिबात नाही. एक संकरित गाय उन्हाळ्यात रोज ७० ते १०० लिटर पाणी पिते, म्हणजे जवळजवळ तुम्हा दोघांच्या वाट्याइतकं एकटीच. डेझर्ट कूलरही दिवसाला पन्नास-साठ लिटर सहज ओढतो. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की कूलर लावल्याशिवाय दुपार निघत नाही. त्यावरचा उपाय घराच्या भिंतीत आहे. तुम्ही ज्या तयार पत्र्याच्या केबिनचं कोटेशन जोडलंय, ती मे महिन्यात भट्टी होईल. त्याच पैशांत दगड-मातीच्या जाड भिंतींची, माळवदासारख्या जाड छपराची खोली उभी राहते. आपल्याकडची जुनी घरं उगाच तशी बांधलेली नव्हती. पडवीचा पत्रा पाण्यासाठी, खोलीचं माळवद गारव्यासाठी.

बोअरचं पाणी सप्टेंबरात बघून खूश होऊ नका. आपल्याकडचा काळा खडक असा, की एका बोअरला धो धो लागतं आणि पन्नास फुटांवरचं दुसरं कोरडं जातं. शेजारच्या वस्त्यांवर मे महिन्यात जा, मोटर किती वेळ चालते ते विचारा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून जागा तपासून घ्या. आणि उलट टोकही ध्यानात असू द्या: सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरात काय झालं ते आपण पाहिलं. ओढ्याकाठची सपाट जागा घरासाठी निवडू नका, रानातल्या उंचवट्यावर बांधा.

सोलरचं कोटेशन साडेचार लाखांचं आलं, कारण पाण्याची मोटर, कूलर, फ्रिज सगळं एकाच बॅटरीवर घेतलंय. हे तोडा. दोन पंखे, पाच दिवे, छोटा फ्रिज, मिक्सर, टीव्ही, मोबाइल मिळून दिवसाला अडीच युनिटांच्या आत बसतं. एक किलोवॉट पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला चार युनिटांच्या आसपास देतं, ढगाळ दिवसांत निम्म्यावर येतं. दोन किलोवॉट पॅनल आणि पाच युनिटांची लिथियम बॅटरी पुरेल. लेड-ॲसिड घेऊ नका, उष्णतेत तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. बॅटरी खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीला, सावलीत ठेवा. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान, तीन किलोवॉटला ७८ हजार, हे महावितरणच्या जाळ्याला जोडलेल्या सोलरलाच मिळतं. तुमच्या स्वतंत्र सोलरला नाही. पण शेताच्या मोटरसाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के; अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप मिळतो. सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद हवी. ती नोंद वाटपाबरोबरच करून घ्या. आणि महावितरणचा खांब रानाजवळून जात असेल तर साधं घरगुती कनेक्शनही घ्या. पावसाळी आठवड्यात ते असलेलं बरं.

गाई पहिली तीन वर्षं नकोत. दुष्काळी उन्हाळ्यात कडब्याचा भाव असा चढतो की दूध विकून चारा परवडत नाही. दोन उस्मानाबादी शेळ्या आणि दहा गावरान कोंबड्या ठेवा. शेळी कमी पाण्यावर तगते, जुळी पिल्लं देते आणि अडीनडीला एक विकली तरी चालते.

आता माझा बेत ऐका. नोकरी ५८ पर्यंत करा. आत्ता सोडली आणि पेन्शन लगेच सुरू केली, तर ईपीएस पेन्शन दर वर्षामागे ४ टक्क्यांनी कमी बसते. तीन वर्षांत पीएफ-ग्रॅच्युइटी ३३ लाखांच्या आसपास जाईल, ठेव आणि फंड मिळून १७, एकूण ५० लाख. या तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं, पगारातून आणि ठेवीतून, वडिलोपार्जित रानात १५ लाखांपर्यंत घाला: घर-पडवी ७, टाकी आणि बोअर ३, सोलर ३.५, कुंपण १.५. क्रम पाणी, मग कुंपण, मग घर, मग सोलर. पाणी लागलं नाही तर तिथंच थांबता येतं आणि तीन लाखांच्या वर नुकसान होत नाही. सुट्टीत, आणि एक अख्खा मे महिना, तिथं राहून बघा.

निवृत्तीला हातात ३५ लाख उरतील. त्यातले २० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ४१ हजार येतील. नियत वयाला निवृत्त होणाऱ्याला साठीच्या आधीही ती उघडता येते, मात्र पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ५ लाख बँकेत, फक्त दवाखान्यासाठी. १० लाख फंडात, सात-आठ वर्षं हात न लावता. फ्लॅट भाड्यानं द्या, जुळे सोलापुरात अकरा हजार धरायला हरकत नाही. ठेवीचं व्याज, भाडं आणि पेन्शन मिळून महिन्याला तीस-एकतीस हजार होतात. तोवर महागाईनं खर्च पस्तीसवर गेला असेल, म्हणजे चार-पाच हजारांची तूट राहते. ती शेळी, भाजी आणि शिवणकामातून भरून निघू शकते. मुद्दलाला हात लागत नाही आणि परत यायला घर शाबूत राहतं. आरोग्य विमा नोकरी असतानाच स्वतःच्या नावानं घ्या, कारखान्याचा गटविमा ५८ ला संपेल.

राहता राहिलं वहिनींचं. त्यांची गिऱ्हाइकं जुळे सोलापुरातल्या गल्लीत आहेत, रानात नाहीत. तुमच्या बेतात त्यांची कमाई शून्य होते आणि चूल, गुरं, पाणी यांचं काम मात्र वाढतं. ते त्यांना न पटणं मला रास्त वाटतं. माझ्या बेतात आठवड्यातले दोन दिवस त्या शहरात शिवण घेऊ शकतात का, भाडेकरूला फ्लॅट देताना एक खोली स्वतःकडे ठेवायची का, हे त्यांनी ठरवायचं आहे. एक खोली ठेवली तर भाडं तीन-चार हजारांनी कमी येईल. शिवणकामातून तेवढे येणार असतील तर माझ्या हिशेबाला धक्का लागत नाही.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा आठ-अ (जमिनीच्या खात्याचा) उतारा, साडेचार एकरांचा सातबारा आणि ईपीएफचं पासबुक जोडा. आणि पत्र दोघांच्या सहीचं पाठवा.