पिस्तुलाची गोळी एवढी महाग का झाली?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत शिकते. तीन वर्षे दहा मीटर एअर पिस्तूल खेळल्यानंतर ती यंदा पंचवीस मीटर स्पोर्ट्स पिस्तुलाकडे वळली आहे आणि क्लबच्या पिस्तुलावर सराव करते. छऱ्यांचा खर्च आम्हाला कधी जाणवला नाही, पण .२२ च्या (म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या) गोळ्यांनी घरचा हिशेब पार कोलमडला आहे. दर वेळी भाव वाढलेला असतो आणि कित्येकदा ‘माल आलेला नाही’ एवढेच उत्तर मिळते. प्रशिक्षक आठवड्यातून पाच दिवस, रोज शंभर राऊंडचा सराव सांगतात. गोळ्या एवढ्या महाग आणि दुर्मीळ का झाल्या, आणि नोकरदार माणसाने हे कसे पेलावे?
— एक पालक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : आपल्या प्रशिक्षकांचे म्हणणे आकड्यांत मांडले, तर रोजचे शंभर म्हणजे आठवड्याला ५०० आणि वर्षाच्या पन्नास आठवड्यांचे २५,००० राऊंड होतात. याचा अर्थ गोळीमागे एक रुपया वाढला की आपल्या घरावर वर्षाला पंचवीस हजारांचा बोजा पडतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ हौसेचा म्हणून सोडून देता येत नाही, आणि त्याचे उत्तरही ‘काटकसर करा’ एवढ्यावर भागत नाही.

आधी कारणे पाहू. .२२ ची गोळी आपल्या देशातही तयार होते; पण स्पर्धेत वापरली जाणारी बहुतेक गोळी इंग्लंडमधील एली, जर्मनीतील आरडब्ल्यूएस आणि फिनलंडची लापुआ अशा मोजक्या उत्पादकांकडून येते. तिची किंमत पौंडांत किंवा युरोत ठरते, त्यामुळे रुपया घसरला की इथला भाव आपोआप चढतो. गोळ्या स्फोटक वर्गात मोडत असल्याने त्या नेण्यास सगळ्याच जहाज आणि विमान कंपन्या तयार नसतात. त्यात आयातीच्या परवानगीला लागणारा वेळ मिळवला, की एक खेप चुकल्यावर दुसरी येईपर्यंत हंगामच निघून जातो.

टंचाईची मोठी लाट मात्र बाहेरून आली. २०२० मध्ये करोनाच्या काळात अमेरिकेत शस्त्रखरेदीला उधाण आले आणि पिस्तुलाच्या गोळ्यांची दुकाने रिकामी झाली. पाठोपाठ फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युरोपातील दारूगोळ्याची मागणी सैन्याकडे वळली. गोळीतील धूरविरहित दारू नायट्रोसेल्युलोजपासून बनते आणि नायट्रोसेल्युलोज बनते ते मुख्यतः सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून, ज्यांना लिंटर म्हणतात. इचलकरंजीकडच्या ज्या वाचकांचा सुताशी रोजचा संबंध आहे, त्यांना हे वाचून नवल वाटेल. पण तोफेच्या गोळ्याला आणि आपल्या मुलीच्या अडीच ग्रॅमच्या शिशाला लागणाऱ्या दारूचा कच्चा माल एकच आहे, आणि तो कमी पडू लागला की खेळाची पाळी शेवटी येते.

.२२ ची आणखी एक अडचण तिच्या घडणीत आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध वेगळी टोपी असते; .२२ मध्ये पेट घेणारे मिश्रण पितळी पुंगळीच्या दुमडलेल्या कडेत भरलेले असते. ते सगळीकडे सारखे पसरावे लागते, कडेची जाडीही सारखी असावी लागते, आणि एकदा पिस्तुलाच्या पिनने ती कड चेपली की पुंगळी पुन्हा भरता येत नाही. पिन आपटूनही न उडालेला एखादा राऊंड प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली पाहून घ्या : कडेवर पिनचा एक बारीक चौकोनी ठसा दिसेल आणि आतले शिसे जसेच्या तसे असेल.

आता उपायांकडे वळू. माझे पहिले सांगणे असे, की सर्वांत महागडी गोळी आपल्या मुलीला लागतच नाही. पन्नास मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते; तिथे उत्तमोत्तम लॉट (एकाच वेळी बनलेल्या गोळ्यांचा साठा) शोधणे समजू शकते. पंचवीस मीटर पिस्तुलाच्या अचूक नेमाच्या टप्प्यात हेच वर्तुळ ५० मिलिमीटरचे आणि जलद टप्प्यात १०० मिलिमीटरचे असते. गोळीतला सूक्ष्म फरक तिथे गुण घालवत नाही. गुण जातात ते मनगट हलल्याने आणि ट्रिगर झटकल्याने. पिस्तुलासाठी पाहायचे ते एवढेच, की गोळी मॅगझिनमधून न अडकता चढते का आणि पुंगळी दर वेळी बाहेर पडते का. मधल्या दर्जाची, साधारण वेगाची गोळी या कसोटीला उतरली, तर तीच घ्यावी आणि हंगामाच्या मध्यावर ती बदलू नये.

दुसरे, शंभर राऊंडच्या सरावाकडे नव्याने पाहावे. जलद टप्प्यात लक्ष्य सात सेकंद दडलेले असते आणि तीन सेकंद समोर येते; तेवढ्या वेळात पंचेचाळीस अंशांवरचा हात वर उचलून एक गोळी सोडायची असते. यातला हात उचलणे, नजर पुढच्या माशीवर (नळीच्या टोकाकडच्या नेमाच्या खुणेवर) ठरणे आणि ट्रिगर मागे येणे हा सगळा भाग गोळीशिवाय घोटता येतो. त्यासाठी स्पर्धेच्या पिस्तुलांत ड्रायची, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर दाबण्याची, सोय असते; ती नसलेल्या .२२ वर रिकामा घोडा सोडू नये, कारण पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते. एअर पिस्तूल तर तिच्या हातचे आहेच. त्याचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा आणि स्पोर्ट्स पिस्तुलाचा १००० ग्रॅमचा असल्याने बोटाला फसवणूक वाटते, हे खरे. तेव्हा एअर पिस्तुलाचा ट्रिगर सरावापुरता जड करून घ्यावा. आपण हे सारे प्रशिक्षकांशी बोलून ठरवावे, पण आठवड्यातील दोन दिवस पूर्ण ड्राय, दोन दिवस पन्नास-पन्नास राऊंड आणि एक दिवस सामन्याप्रमाणे साठ राऊंड व सरावाचे दहा, असा क्रम लावला तर ५०० चे १७० होतात. माझ्या मते या वयात त्यात नुकसान काहीच नाही.

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर एक मुलगी मी पाहिली. पन्नासच्या खोक्यातून ती पाच राऊंड काढून झाकणावर ओळीने मांडायची, मालिका झाली की थांबून वहीत लिहायची आणि मगच पुढचे पाच काढायची. तासाभरात तिचे निम्मे खोके शिल्लक होते. ज्या गावाने राही सरनोबत घडवली, जिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवले, त्या गावात अशी मुलगी केवळ गोळीवाचून मागे राहू नये, असे मला मनापासून वाटते. टंचाईचा फटका पदकविजेत्यांना कमी बसतो, कारण त्यांना संघाकडून पुरवठा होतो आणि आयातीच्या सवलतीही असतात. खरी झळ दुसऱ्या फळीला लागते. म्हणून पालकांनी एकत्र येऊन क्लबकडे लेखी मागणी करावी, की वर्षाची गरज हंगामाआधी मोजून एकाच लॉटची खरेदी एकदम व्हावी. प्रत्येकाने सुट्या खोक्यासाठी धावणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे. साठा क्लबच्याच परवान्यावर आणि क्लबच्याच कुलपात राहील. उरलेले राऊंड घरी आणणे किंवा मैत्रिणीला उसने देणे कायद्यात बसत नाही.

प्रश्न : माझ्याकडे .३२ रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. दुकानात काडतुसे वेळेवर मिळत नाहीत. ओळखीतले एक गृहस्थ त्यांच्या पिस्तुलाची .३२ काडतुसे देऊ करतात. घ्यावीत का? जुनी, हिरवट पडलेली काही काडतुसेही घरात आहेत.
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मुळीच घेऊ नयेत. एक तर आकडा सारखा असला तरी काडतूस सारखे नसते : आपल्याकडच्या .३२ रिव्हॉल्व्हरला .३२ लाँग हे लांब, बुडाला बाहेर आलेली कड असलेले काडतूस लागते आणि पिस्तुलाचे काडतूस आखूड असते. दुसरे, आपल्या परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षभरात किती काडतुसे बाळगता येतील याचे आकडे लिहिलेले असतात. खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडून करावी; तिची नोंद परवान्यावर व दुकानाच्या वहीत होते. अधिकाऱ्यांना आधी लेखी कळवल्याशिवाय केलेली खासगी देवघेव १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरते, आणि घरी काडतूस भरणे हे तर विनापरवाना उत्पादनच होय. विक्रेत्याकडे आगाऊ मागणी नोंदवून ठेवावी. हिरवट पडलेली काडतुसे घासू नयेत, उडवून पाहू नयेत आणि कचऱ्यातही टाकू नयेत. परवान्यासह ती विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करावीत आणि संख्या लिहिलेली पावती घेऊन परवान्याला जोडून ठेवावी.