सायलेन्सर मोकळा करू का?

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. राधानगरी भागात झाडं छाटायची, उतरवायची कामं घेतो. 45 सीसीचं चेनचं कटर मशीन (चेनसॉ) आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकजण म्हणतो, सायलेन्सर मोकळा करून, पोर्ट (सिलिंडरमधली हवा-धुराची भोकं) घासून घे, मशीन दीडपट पळेल. पण माझ्या मित्राचं असंच केलेलं मशीन दोन महिन्यांत सीझ झालं, म्हणजे पिस्टन आतच जाम झाला. करू का नको?
– एक वाचक, राधानगरी

उत्तर : मित्राचं मशीन मॉडिफाय केल्यामुळं गेलं नसावं. केल्यावर कार्बोरेटरला (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला) हात लावला नाही, म्हणून गेलं असणार. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण हा उद्योग मी स्वतः करून बसलोय.

एका गिऱ्हाइकाच्या सायलेन्सरची जाळी काढली, तोंड मोठं केलं. दुकानात रेस दिली, आवाज असा खणखणीत की शेजारचे बघायला आले. मी खूश! दुसऱ्या दिवशी निलगिरीच्या बुंध्यात मशीनचा आवाज एकदम बारीक, चिरका झाला आणि बंद पडलं. दोरी ओढली तर हलेना. खोललं तर पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या अंगाला उभे ओरखडे, आणि पलीकडचं अंग नव्यासारखं चकचकीत. धूर मोकळा निघाला की इंजिन हवा जास्त ओढतं. पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण पातळ होतं. या इंजिनात तेल पेट्रोलमधूनच येतं, म्हणजे उष्णता वाढते आणि वंगण कमी पडतं. पिस्टन-सिलिंडर माझ्या खिशातून भरून दिले.

म्हणून सायलेन्सर मोकळा केला की कार्बोरेटरचा ‘एच’चा (पूर्ण रेसच्या पेट्रोलचा) स्क्रू थोडा उलटा फिरवून पेट्रोल वाढवायचं. पूर्ण रेसवर, लाकडात न घालता, आवाज किंचित फडफडला पाहिजे; लाकडात घातल्यावर तो साफ झाला पाहिजे. मात्र काही मशीनमध्ये ठिणगी देणारी कॉईलच आरपीएम (इंजिनचे फेरे) अडवते, तिथंही तशीच फडफड येते आणि कान फसतो. अशा मशीनला टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं मीटर) लावूनच सेटिंग करा. आणि रेस सोडल्यावर आरपीएम लगेच खाली येत नसेल तर स्क्रू फिरवत बसू नका, कुठूनतरी हवा खातंय. क्रँकचं सील बघा.

पोर्ट घासायला (पोर्टिंगला) मात्र माझं उत्तर ‘नको’ असंच आहे. एका मिलिमीटरच्या चुकीला सिलिंडर भंगारात. काहीजण सिलिंडरखालचं गॅस्केट काढून कॉम्प्रेशन (आतला दाब) वाढवतात. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून, दाबून, पिस्टन आणि हेडमधलं अंतर अर्धा मिलिमीटर तरी राहतंय का हे मोजणारा मिस्त्री मला आजवर एकच भेटला. शिवाय कॉम्प्रेशन वाढलं की दोरी जड होते. जमिनीवर ठीक, पण फांदीवर दोराला लटकून एका हातानं चालू करायला गेलात तर? (एका हातानं मशीन चालवू नकाच, पण तुम्ही चालवता हे मला माहीत आहे.) मोकळ्या सायलेन्सरचं तोंड दोराकडं वळलेलं नको, तेही बघून घ्या. गरम धुरानं दोर जळतो.

आता खरं सांगू? तुमच्या मशीनची ताकद कमी नाही, चेन बोथट असणार. खाली पडतोय तो भुसा बघा. पिठासारखा असेल तर कानस मारा, छिलके पडले पाहिजेत. कापणाऱ्या दाताच्या पुढचा ठेंगणा दात साधारण 0.65 मिमी खाली असतो, तो गेजनं तपासा. चार-पाचदा धार लावल्यावर तोही घासावा लागतो, आणि तेच कुणी करत नाही.

प्रश्न : पावसाळाभर ठेवलेलं मशीन चालू होत नाही. पेट्रोल तेच आहे.
– एक वाचक, पन्हाळा

उत्तर : ते ओतून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढतं आणि रबरी पाईप, कार्बोरेटरमधला पडदा खराब करतं. नवीन 1 लिटरला 20 मिली चांगलं टू-स्ट्रोक तेल, फिल्टर साफ, प्लग पुसून लावा. तरी नाही झालं तर कार्बोरेटरचा पडदा कडक झाला असेल. तो बदला.