घरी लिब्रेऑफिसमध्ये नीट दिसणारी मराठी फाइल ऑफिसात वर्डमधून छापली की बिघडते, आणि घरच्या प्रिंटरमधून तर कागदच येत नाही, काय करू?

तुमचे खरं तर तीन वेगळे प्रॉब्लेम आहेत, एकाच फाइलवर आले म्हणून एक वाटतायत. घरी उबुंटूवर (म्हणजे लिनक्सवर) दोन पानात बसणारा अर्ज ऑफिसच्या विंडोजवर तिसऱ्या पानावर जातो हा एक, कागदावर जोडाक्षरं फुटतात हा दुसरा, आणि घरच्या एचपी लेझरजेट 1020 प्रिंटरवर जॉब 'कम्प्लीटेड' दिसतो पण कागद हलत नाही हा तिसरा. माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, "दादा, घरी बरोबर दिसत होतं हो" म्हणत पेन ड्राइव्ह पुढे करणारं गिऱ्हाईक रोजचंच, तर माझं ऐका, आधी सेटिंगमध्ये हात घालू नका, फाइलची पीडीएफ करा आणि ती छापून बघा. पीडीएफ स्क्रीनवरच बिघडलेली दिसली तर भानगड फाइलमध्ये नाहीतर फॉन्टमध्ये आहे, स्क्रीनवर छान आणि कागदावर वाट लागलेली असेल तर ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये.

आता पान का वाढतं ते. उबुंटूवर तुमचा मजकूर बहुतेक लोहित किंवा नोटो फॉन्टमध्ये असणार, ऑफिसच्या विंडोजवर ते फॉन्ट नाहीत, मग वर्ड गुपचूप मंगल किंवा निर्मला लावून मोकळा होतो. मंगलची ओळ भलती उंच असते, साइज 12 च दिसतो पण दर ओळीला थोडी थोडी जागा जास्त खाल्ली जाते आणि शेवटी सही तेवढी पुढच्या पानावर जाऊन बसते. उपाय म्हणजे दोन्हीकडे एकच फुकट फॉन्ट टाका, मी मुक्ता वापरतो, मुंबईच्या एक टाइपवाल्यांचा आहे, विंडोज लिनक्स मॅक सगळीकडे चालतो. फॉन्ट बदलताना लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये कॅरेक्टरच्या खिडकीत सीटीएलचा (देवनागरीसारख्या लिप्यांचा) फॉन्ट वेगळा असतो आणि वर्डमध्ये 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा, मराठीला तोच लागू होतो, नुसता वरचा बदलून बसलात तर काही फरक पडणार नाही. आणि लाइन स्पेसिंग 'सिंगल' न ठेवता वर्डमध्ये 'एक्झॅक्टली', रायटरमध्ये 'फिक्स्ड' करून 18 पॉइंट द्या, फॉन्ट बदलला तरी ओळीची उंची तीच राहते. फार कमी करू नका मात्र, 12 च्या अक्षराला 13 दिले की रफार आणि वेलांट्या वरून छाटल्या जातात.

कागदाचा साइजही बघून घ्या. भाषा इंग्लिश यूएस असली की सॉफ्टवेअर बरेचदा लेटर साइज धरतं, 216 बाय 279 मिमी, आणि आपल्याकडे ट्रेमध्ये ए4 असतो 210 बाय 297. म्हणजे उंचीला 18 मिमीचा फरक, तीन-एक ओळी तिथेच गेल्या. काही प्रिंटर तर लेटरचा कागद मागत नुसते दिवा लुकलुकवत बसतात आणि लोक म्हणतात मशीन बिघडलं. फाइलमध्ये आणि प्रिंटरच्या प्रॉपर्टीमध्ये, दोन्हीकडे ए4 करा.

जोडाक्षरं पीडीएफमध्ये स्क्रीनवर नीट आणि कागदावर फुटत असतील तर अ‍ॅडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन 'प्रिंट अ‍ॅज इमेज'वर टिक करा. मग प्रिंटरकडे अक्षरं जातच नाहीत, सरळ चित्र जातं. थोडं हळू छापतं पण क्ष, ज्ञ, त्र जसेच्या तसे येतात.

1020 चं दुखणं वेगळंच. त्या प्रिंटरमध्ये स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे मशीन चालवणारा आतला प्रोग्राम, साठवलेलं नसतं, दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरने ते पाठवायचं असतं. लिनक्सवर हे काम एचपीलिपचं (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं) प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचा जादा तुकडा, करतं, आणि सिस्टिम अपडेट झाली की एचपीलिप नवं आणि प्लगइन जुनं असं होऊन बसतं, मग उबुंटू जॉब पाठवून खूश आणि प्रिंटर ढिम्म. टर्मिनलमध्ये 'एचपी-प्लगइन' (इंग्रजीत, मध्ये डॅश) चालवून नवं प्लगइन घ्या, प्रिंटर बंद करून परत चालू करा. तरीही नाही तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, 631 टाकून कप्सचं (लिनक्सच्या छपाई यंत्रणेचं) पान उघडा, तिथे प्रिंटर 'पॉज्ड' दिसत असेल तर 'रिझ्यूम' करा.

ऑफिसच्या विंडोजवर जॉब अडकून बसला तर सर्व्हिसेसमध्ये 'प्रिंट स्पूलर' (छापायचे जॉब रांगेत ठेवणारा प्रोग्राम) थांबवा, विंडोजच्या सिस्टिम32 मधल्या स्पूल फोल्डरात 'प्रिंटर्स' नावाचं फोल्डर आहे त्यातल्या फाइल्स उडवा, स्पूलर पुन्हा चालू करा. ऑफिसच्या मशीनवर हे करायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागेल, तेव्हा आयटीवाल्यालाच धरा. आणि त्याच्याकडून 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' तेवढं बंद करून घ्या, नाहीतर काल ज्या मशीनवर छापलं तेच आज डिफॉल्ट होतं.