बैजिक भूमिती की होमरची हस्तलिखिते: पदवीच्या वर्षांत संशोधन कशात करावे?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेत पदवीसाठी गणित आणि प्राचीन ग्रीक हे दोन्ही विषय घेतलेल्या विद्यार्थ्याने उन्हाळी संशोधनासाठी बैजिक भूमिती (बहुपदी समीकरणांनी ठरणाऱ्या वक्रांचा आणि पृष्ठांचा अभ्यास) निवडावी की होमरच्या हस्तलिखितांतील टिपणे, आणि दुसऱ्याच वर्षी यांपैकी कशात खरोखर नवे काही हाती लागते. ग्रीक बऱ्यापैकी वाचता येत असेल तर पहिला उन्हाळा हस्तलिखिताला द्यावा, असे माझे मत आहे.

व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयात ‘व्हेनेटस ए’ नावाने ओळखले जाणारे, होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याचे दहाव्या शतकातील हस्तलिखित आहे. पानावर काव्य, त्याच्या समासांत बारीक अक्षरांतील दाट टिपणे आणि या दोहोंमधल्या चिंचोळ्या जागेत त्याहून आखूड टिपणे, अशी त्याची मांडणी आहे. अलेक्झांड्रियाच्या अरिस्टार्कस या होमर-अभ्यासकाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ज्या खुणा योजल्या, त्या इथे ओळींच्या डावीकडे दिसतात. आडवी रेघ असेल तर ओळ होमरची नसावी असा त्याचा संशय, आणि बाणाच्या टोकासारखी खूण असेल तर त्या ओळीत काहीतरी लक्षात घेण्याजोगे. अनेक टिपणे थेट ‘कारण’ या अर्थाच्या शब्दाने सुरू होतात आणि शेजारची खूण पाहिल्याशिवाय ती अर्धवट वाटतात, कारण ही खूण इथे का, याचेच ती उत्तर देत असतात. ही टिपणे व्हिल्वाझों या फ्रेंच विद्वानाने १७८८ साली छापली. पुढच्या आवृत्त्यांनी निरनिराळ्या हस्तलिखितांतील टिपणे निवडून एकत्र केल्यामुळे कोणते टिपण पानावर नेमके कुठे आहे, हे वाचकाला सहज दिसेनासे झाले. ‘होमर मल्टिटेक्स्ट’ प्रकल्पाने २००७ साली या पानांची छायाचित्रे घेतली आणि त्यांच्या संपादनात पदवीच्या विद्यार्थ्यांना सहभागी करून घेतले. खूण आहे पण टिपण नाही, किंवा टिपण आहे पण खूण नाही, अशी जागा सापडली तर ती दुरुस्त न करता जशीच्या तशी नोंदवायची असते. ती नोंद छायाचित्राशी कोणालाही ताडून पाहता येते, म्हणून ती विद्यार्थ्याची असली तरी तिचे मोल कमी होत नाही. (पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या अनेक पोथ्या ताडून एक पाठ निश्चित केला, इथे प्रत्येक हस्तलिखित स्वतंत्र साक्षीदार म्हणून जपायचे असते, हा फरक आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावा.)

बैजिक भूमितीत पूर्वतयारीच फार लागते. स्कीम आणि कोहोमॉलॉजी या तिथल्या अमूर्त संकल्पना एका उन्हाळ्यात शिकून वर संशोधनही करायचे, हे बहुतेकांना झेपत नाही. तिथे उदाहरणाकडून शिरावे. गुळगुळीत त्रिघाती पृष्ठावर (तिसऱ्या घाताच्या समीकरणाने ठरणाऱ्या, टोक किंवा घडी नसलेल्या पृष्ठावर), संमिश्र संख्यांवर, नेमक्या २७ सरळ रेषा असतात, हे गणितज्ञ केली आणि सॅमन यांनी १८४९ साली दाखवले. चार चलांच्या घनांची बेरीज शून्य, हे पृष्ठ घ्यावे. चलांच्या दोन जोड्या तीन प्रकारे पडतात, प्रत्येक जोडीत एकाच्या घनमुळाची निवड तीन प्रकारे होते, आणि तीन गुणिले नऊ म्हणजे २७ रेषा कागदावरच मिळतात. वास्तव संख्यांवर मात्र त्यांतल्या तीनच उरतात. सात घटकांच्या क्षेत्रावर (म्हणजे सातने भागून उरणाऱ्या बाकींच्या संख्यापद्धतीत) २७ दिसतात, पाच घटकांच्या क्षेत्रावर पुन्हा तीनच, कारण तिथे एकाचे घनमूळ एक सोडून दुसरे नाही. असे प्रयोग ‘मॅकॉले टू’ किंवा ‘सिंग्युलर’ या मोफत प्रणालींत पुढे नेता येतात. त्यातून नवे काही निघेल की नाही, हे मात्र मार्गदर्शकाने प्रश्न कसा बेतला आहे यावर अवलंबून असते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्यांना एवढे विचारावे की प्रश्नातले कोणते प्रकरण अजून कोणी मोजलेले नाही, आणि उत्तर मोघम आले तर दुसरा गट शोधावा.

आपल्याकडे दोन उन्हाळे आहेत. पहिल्यात हस्तलिखिताचे काम करताना क्रमविनिमेय बीजगणिताचा (बैजिक भूमितीच्या पायाभूत विषयाचा) अभ्यासक्रम समांतर चालू ठेवावा, म्हणजे दुसऱ्या उन्हाळ्यात गणिताच्या गटात गेल्यावर सुरुवातीचे आठवडे व्याख्या पाठ करण्यात जाणार नाहीत.