घड्याळातला आकडा आणि सकाळचा नाश्ता

‘आज किती कॅलरी जळल्या?’ हा एकच प्रश्न वेगवेगळ्या वेषांत माझ्याकडे येत राहतो. दवाखान्यात येतो, पत्रांतूनही येतो. या वेळी निवडक पत्रांना एकत्रच उत्तरं देतो.

वजन ७० किलो. रोज तलावपाळीला तासभर चालतो. किती कॅलरी जळतात? – नौपाडा

साधारण अडीचशे. स्वस्थ बसलेला माणूस दर किलो वजनामागे तासाला सुमारे १ कॅलरी खर्च करतो, त्याला १ मेट म्हणतात. सपाटीवर ताशी पाचेक किलोमीटर वेगानं चालताना हा खर्च साडेतीन पट होतो. ७० गुणिले ३.५ म्हणजे २४५. पण त्यातल्या ७० घरी बसूनही गेल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई १७५. मध्ये बाकावर बसून गप्पा मारत असाल, तर ती मिनिटंही वजा करा.

तेवढंच चालून घड्याळ ३४० दाखवतं, जिमचा ट्रेडमिल ४२०. खरं कोणतं? – वाशी

दोन्हींवर विसंबू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात उपकरणं तपासली. नाडी बहुतेकांनी बरी मोजली. कॅलरींत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. ट्रेडमिलवर तुम्ही स्वतःचं वजन टाकता का? दांडी धरून चाललात की खर्च घटतो, पण यंत्राला ते कळत नाही. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी चढतच नाही, मग नाडीवरून केलेला हिशेबही चुकतो. जाहिरातीत यातलं काही सांगत नाहीत, याचा मला राग येतो.

पोटाला घामाचा पट्टा बांधला तर चरबी लवकर जळते ना? – कळवा

नाही. घामातून पाणी जातं. पाणी प्यालात की काटा परत जागेवर. पैसे वाचवा.

बाबा ६३ वर्षांचे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात. सकाळी गोळी घेऊन उपाशीपोटी येऊरचा चढ चढतात आणि घड्याळात ३०० दिसेपर्यंत नाश्ता करत नाहीत. वजन उतरतंय, म्हणून आम्हीही काही बोलत नाही. – पोखरण रोड

बोला. आजच बोला.

मागच्या पावसाळ्यात एका काकांना रिक्षावाल्यानं माझ्या दवाखान्यात आणलं. सदरा घामानं चिंब, बोटं थरथरत होती, स्वतःचा पत्ता सांगता येत नव्हता. मनगटावरचं घड्याळ ३१२ कॅलरी दाखवत होतं आणि ग्लुकोमीटर रक्तातली साखर ४८. वेळेवर आणलं म्हणून निभावलं.

ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. त्याच वेळी चालणारे स्नायूही रक्तातली साखर ओढून घेतात. साखर दोन्हीकडून उतरते. घड्याळ फार तर खर्चाचा अंदाज देईल, रक्तात साखर किती उरली ते सांगणार नाही. मोठ्या व्यायामानंतर साखर काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही उतरू शकते.

थरथर, घाम, धडधड, गोंधळल्यासारखं वाटणं, यातलं काही झालं की तिथेच थांबायचं. साखर ७० च्या खाली असेल, किंवा तपासायची सोयच नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मग जेवू घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. शेजाऱ्यांच्या सल्ल्यानं गोळी बंदही करू नका. गोळी, नाश्ता आणि चालणं यांच्या वेळा डॉक्टरांकडून याच आठवड्यात बसवून घ्या, पुढच्या रिपोर्टची वाट पाहू नका. तोवर येऊर बंद. सोसायटीच्या आवारात, नाश्ता झाल्यावर, खिशात साखर ठेवून आणि कुणाला तरी सोबत घेऊन चालू दे.

केर-फरशी व्यायामात धरायची का? घरचे हसतात. – ऐरोली

धरा. हसू द्या त्यांना. जोर लावून फरशी पुसायला तीन-साडेतीन मेट लागतात, म्हणजे जवळजवळ चालण्याइतकेच. काम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की ती मिनिटं आठवड्याला सुचवल्या जाणाऱ्या १५० मिनिटांच्या व्यायामात मोजा. ओट्यापाशी उभं राहून भाजी परतणं मात्र त्यात येत नाही. दम नेहमीपेक्षा जास्त लागत असेल तर आधी तपासणी.

गुडघा दुखतो, तरी लिफ्ट सोडून बारा मजले चढू का? – खारघर

नको. आधी गुडघा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांनी परवानगी दिली तरी सुरुवात दोन मजल्यांनी करा, आणि उतरताना लिफ्टच घ्या.